चष्मेवाल्या भाऊंचे रविवार

जळगावात चष्म्याची दुकानं पुष्कळ आहेत. पण आलेल्या गिऱ्हाइकाला चष्मा न देता परत पाठवणारं दुकान माझ्या माहितीत एकच होतं. ते भाऊंचं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती डोकेदुखीमुळे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, मग कॉम्प्युटरवर रिपोर्ट भरायचे, आणि घरी जाऊन मोबाईल. भाऊंनी माझ्या नाकावर तपासणीची ती लोखंडी फ्रेम चढवली, काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली, आणि शेवटी फ्रेम काढून ठेवली.

"नंबर वाढलेला नाही."

"मग डोकं का दुखतं?"

"तुम्ही शेवटचं लांबचं काय बघितलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. भाऊंनी ओळखीच्या माणसावर चिडावं तसा हात झटकला. "ते लांब नाही. लांब म्हणजे डोंगर. आभाळात घार. सांगा, कधी बघितली?"

मला आठवेना.

"रविवारी सकाळी दुकानापुढे या. बूट घाला, डबा आणा. तुमच्या डोळ्यांना औषध नको, डोंगर दाखवायला पाहिजे."

घरी सांगितलं तर नवरा हसला. मीही हसले होते. पण रविवारी गेले. दुकानापुढे एक क्रूझर उभी होती आणि तिच्यात सगळेच्या सगळे चष्मेवाले बसले होते. त्या गाडीला आमच्यातलेच लोक 'सोडा-बाटल्यांची गाडी' म्हणायचे. ती चालवणारे सादिकभाई एकेकाळी जवळचा नंबर काढायला दुकानात आले होते आणि असेच अडकले होते. पहिल्या-दुसऱ्या वेळी ते गाडीतच झोपून राहायचे म्हणे. नंतर गाडीला कुलूप लावून आमच्या पुढे चालायला लागले.

तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्यांच्यावर निळसर सातपुडा. कुठून कुठे जायचं हे भाऊ आधी कधी सांगत नसत. चालताना कुणी विचारलं, "भाऊ, किती राहिलं?" तर उत्तर ठरलेलं होतं, "अर्धं." तासभर चालून पुन्हा विचारलं तरी "अर्धं". धबधब्याशी पोचल्यावर एकदा सादिकभाईंनी मुद्दाम विचारलं, "अब कितना, भाऊ?" भाऊ शांतपणे म्हणाले, "अर्धं. परत जायचं नाही का?"

माणूस तसा तिरसटच. चष्मेवाला असून स्वतःच्या चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. डबा उभ्याने खायचा. डब्यात बारा महिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. आमच्यातल्या कुणी सँडविच काढलं की त्याच्याकडे ते कणव आल्यासारखे बघत. एका नव्या मेंबरने डोंगरात स्पीकरवर गाणी लावली, तर भाऊंनी तो स्पीकर हातातून काढून आपल्या पिशवीत टाकला आणि थेट जळगावात, त्याच्या घराच्या दारात परत केला. तो माणूस पुन्हा आला नाही. "बरं झालं," भाऊ म्हणाले, "त्याचे डोळे चांगले होते, कान गेले होते."

टेकडीच्या माथ्यावर पोचलो की ते आम्हाला चष्मे काढायला लावायचे. "आता सांगा, काय दिसतं?" कुणी म्हणायचं, हिरवं. कुणी म्हणायचं, धूर. मग चष्मे लावायला सांगायचे. त्या क्षणी झाडं, वाटा, खालच्या वस्तीतली कौलं, शेतात वाकलेली माणसं अशी काही लख्ख पुढे यायची की बायका खरंच "अगंबाई" म्हणायच्या. भाऊंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. जणू तो डोंगर त्यांनीच कोरून आणला होता.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. जळगावातल्याच मेहरूण भागात मोठ्या विधवा बहिणीबरोबर राहायचे. तिला सगळे अक्का म्हणत. अक्कांची शुगर तपासायला मी घरी जायचे, तेव्हा त्या भावाच्या तक्रारी सांगत. "याले गिऱ्हाईक नई पायजे, बाई," त्या म्हणायच्या. "याले संगत पायजे. ती दुकानमा बसीसन गोळा करस." दोघंही मूळचे सोनगीरकडच्या एका खेड्यातले. भाऊ दुकानात शुद्ध बोलायचे, पण चिडले किंवा घाबरले की आपसूक अहिराणीवर यायचे. घाबरलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं.

हर्षल आमच्यात आला तेव्हा तेविशी-चोविशीचा असेल. पाइपच्या कारखान्यात कामाला. त्याचा नंबर आमच्यात सगळ्यांत मोठा. काचा इतक्या जाड, की त्यांच्या मागे डोळे मण्यांएवढे दिसायचे. चष्म्याशिवाय त्याला स्वतःच्या हाताची बोटं धड दिसत नसत. लहानपणापासून मुलांनी छळलेला, त्यामुळे मान खाली घालून चालायची सवय. भाऊंनी त्याची मान वर केली. खरोखर, अक्षरशः. चालताना मागून त्याच्या हनुवटीखाली काठी धरायचे. "खाली दगड आहेत, हर्षल, वर बघ. दगड पायांना कळतात." वर्षभरात तो मुलगा आमच्या पुढे चालायला लागला. घार ओळखायला लागला. त्याचं लग्न ठरत आलं, तेव्हा मुलीचा फोटो त्याने आईच्या आधी भाऊंना दाखवला, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

त्या श्रावणातल्या रविवारी संध्याकाळी मुलीकडचे लोक त्याच्या घरी येणार होते. आई येऊ देत नव्हती. "दुपारपर्यंत परत येतो, भाऊ आहेत ना," असं सांगून तो निघाला.

त्या धबधब्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे आधीच खूप लोक जातात.

सकाळ स्वच्छ होती. वाटेवर एक ओढा लागतो. तो आम्ही घोटाभर पाण्यातून ओलांडला. धबधब्याखाली सगळे भिजले, भाऊ नेहमीसारखे कोरडे, एका दगडावर पाण्याकडे बघत बसले होते. अचानक ते उठले. पाण्याबरोबर सागाची वाळकी पानं आणि काटक्या यायला लागल्या होत्या, आणि पाण्याचा रंग चहासारखा होत होता. आमच्या डोक्यावर ऊन होतं. भाऊ ओरडले, "निघा. आहे तसे निघा."

आम्ही ओढ्याशी पोचलो तोवर तो मांडीएवढा झाला होता. वर कुठेतरी डोंगरात पाऊस कोसळला असणार. पलीकडे सादिकभाई दिसत होते. त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून ते त्या दिवशी ओढा न ओलांडता गाडीच्याच बाजूला थांबले होते. भाऊंनी दोन्ही हात पसरून आम्हाला अडवलं.

"कोनी पानीमा पाय टाकानं नई! बठ्ठा आठेच बसा."

आम्ही बसलो. पाणी काही केल्या उतरेना. मग मागून दुसराच एक घोळका आला, दहा-बारा तरुण पोरं. ती मोबाईलवर शूटिंग करत, एकमेकांचे हात धरून, आरडाओरडा करत ओढ्यात उतरली. मधे एक जण घसरला, बाकीच्यांनी त्याला ओढला, आणि सगळे पलीकडे पोचले. तिकडून त्यांनी आम्हाला हात हलवून दाखवले. आमच्यात चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणालं, "जमतंय की." कुणी म्हणालं, "ऊन पडलंय, भाऊ, आता काय भीती?" मोबाईलला रेंज नव्हती. हर्षल सारखा उठत होता, बसत होता.

"भाऊ, पाहुणे येऊन बसतील. आईला काय वाटेल?"

"वाटू दे."

"त्या पोरांना काही झालं का? मला पोहता येतं."

"हे पोहायचं पाणी नाही."

"मी जातो, भाऊ. एकटाच जातो. माझी जबाबदारी माझी."

तेव्हा भाऊंनी ते केलं. हर्षलसमोर उभे राहिले, दोन्ही हातांनी त्याचा चष्मा हळूच काढला, दुकानात काढत तसाच, आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातला.

"जा आता," ते म्हणाले.

एक-दोघं हसली. हर्षलही कसंनुसं हसला आणि खाली बसला. आम्हाला वाटलं, मिटलं. खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा सगळ्यांना ती युक्ती आवडली होती.

थोड्या वेळाने आमच्यातल्या एका वयस्कर बाईंना घेरी आली. त्यांना शुगर होती आणि डबे केव्हाच संपले होते. भाऊ त्यांच्याजवळ बसले, पिशवीतला गूळ काढून त्यांच्या जिभेवर ठेवू लागले. मी त्यांचं डोकं धरलं होतं. तेवढ्यात पलीकडून सादिकभाईंची किंकाळी आली.

हर्षल जरा वरच्या अंगाने पाण्यात उतरला होता आणि मध्यावर पोचला होता. पाणी कमरेला लागत होतं. तो दोन्ही हात पुढे करून, अंधारात भिंत शोधावी तसा उभा होता.

"तठेच थांब!" भाऊ धावले. "पाय उचलू नको, भो! मी ऊनू! मी ऊनू!"

'आलो, आलो' म्हणणाऱ्या त्या आवाजाच्या दिशेने हर्षलने मान वळवली. आम्ही त्याला दिसत नव्हतो. त्याने फक्त मान वळवली, आणि तेवढ्याने तोल गेला.

भाऊ तसेच पाण्यात शिरले. त्यांना आम्ही दोघा-तिघांनी कमरेला धरून मागे खेचलं, नाहीतर तेही गेले असते. पलीकडून सादिकभाई दुखऱ्या गुडघ्याने काठाकाठाने धावत होते, पडत होते, पुन्हा धावत होते. हर्षल दुसऱ्या दिवशी सापडला. खालच्या पाड्यावरच्या लोकांना, करंजाच्या मुळांत. त्यांनी त्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. त्यांच्यातल्या एका बाईने त्याच्या तोंडावर स्वतःचा पदर फाडून टाकला होता.

पोलिसांनी जबाब घेतले तेव्हा चष्म्याबद्दल कुणीच विचारलं नाही. आमच्यापैकी कुणी बोललंही नसतं. पाण्यात चष्मे वाहून जातातच. पण भाऊंनी खिशातून तो काढून टेबलावर ठेवला. "हा मी त्याच्या डोळ्यांवरून काढून घेतला होता," ते म्हणाले. "तेव्हा तो जिवंत होता." फौजदारांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

दहाव्यानंतर ते हर्षलच्या घरीही गेले. आम्ही दोघं, मी आणि सादिकभाई, सोबत होतो. सादिकभाई रस्ताभर विनवत होते, "भाऊ, त्या माउलीला हे नका सांगू. त्याने काय होणार?" भाऊ पुढे चालत राहिले. हर्षलची आई भिंतीला टेकून बसली होती. भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, काहीही न गाळता. हर्षलच्या मामाने त्यांची कॉलर धरली, दोन मुस्काटात मारल्या. भाऊंचा चष्मा उडाला. त्यांनी तो उचललाही नाही. आई मात्र ओरडली नाही. तिने फक्त विचारलं,

"म्हणजे शेवटी त्याला काहीच दिसलं नसेल?"

आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बरं बोलेल.

"नाही," भाऊ म्हणाले. "नसेल दिसलं."

अक्कांना हे कळलं तेव्हा त्या खूप भडकल्या. "सांगानी काय गरज व्हती? कोन्ही इचारं व्हतं का तुले?" भाऊ म्हणाले, "तिनं इचारं."

गावात बोलणं व्हायचं ते झालं. कुणी म्हणे, पोराला आंधळं करून मारलं. कुणी म्हणे, पोरगाच हट्टी. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप काही दिवस गप्प होता, मग एकेक जण निघून गेला. भाऊंचं दुकान चालू राहिलं, पण भाऊ बदलले. ते आता गिऱ्हाइकाचा चष्मा स्वतः काढत नसत. म्हणायचे, "तुम्ही काढा. तुमच्या हाताने." आणि काढलेला चष्मा गिऱ्हाइकाच्या हातातच राहू द्यायचे, टेबलावर ठेवू देत नसत. रविवारीही दुकान उघडं ठेवायला लागले. "डोंगर दाखवा" हे तर बंदच झालं. जो येईल त्याला चष्मा द्यायचे.

दिवाळीच्या आसपास अक्का लॅबमध्ये आल्या. रक्त द्यायचं नव्हतंच. "तो नीट खात नई, बोलत नई. तू सांगी दख, माय."

मी गेले. भाऊ तपासणीच्या काचांची पेटी उघडून बसले होते. मी बरंच काही बोलले. तुमचा हेतू वाईट नव्हता, तो कसाही गेलाच असता, असलंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला एकदा तिथे न्याल का?"

सादिकभाईंनी गाडी काढली. ओढा अजून वाहत होता. पाणी कमी, पण दगडांवर आपटत, फेसाळत जाणारं. भाऊंनी पिशवीतून ती लोखंडी फ्रेम काढली, तिच्यात निवडून आणलेल्या उलट्या नंबरच्या काचा बसवल्या आणि डोळ्यांवर चढवली. हर्षलला विनाचष्म्याचं जे दिसायचं ते त्यांना बघायचं होतं. ते काठावर उभे राहिले. मी एक हात धरला, दुसरा सादिकभाईंनी. बराच वेळ ते पाण्याकडे बघत होते.

"काय दिसतं, भाऊ?" सादिकभाईंनी विचारलं.

"सपाट," भाऊ म्हणाले. "लाटा नाहीत. फेस नाही. मातीचा रस्ता असावा तसं दिसतं."

सादिकभाईंनी त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"मला वाटलं होतं, दिसणार नाही तर जाणार नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं चष्मे विकले, पण हे कळलं नाही. त्याला पाणी दिसत होतं म्हणून तो बसला होता. मी त्याची भीती काढून खिशात घातली."

सादिकभाई तोंड फिरवून रडायला लागले. भाऊ रडले नाहीत. फ्रेम काढून पिशवीत ठेवली आणि गाडीकडे चालू लागले, खाली मान घालून.

थंडीत एकदा मी अक्कांचा रिपोर्ट द्यायला दुकानात गेले होते, तेव्हा हर्षलची आई पायरीवर आली. एकटीच. चौकट चाचपडत आत आली. भाऊ ताडकन उभे राहिले.

"दिसत नाही मला," ती म्हणाली. "तपासा."

"मावशी, दुसरीकडे जा. मी चांगल्या माणसाचा पत्ता देतो."

"दुसरीकडे जायचं असतं तर इथे कशाला आले असते?"

भाऊंनी तिला खुर्चीवर बसवलं. बॅटरीचा उजेड पाडून तिचे डोळे पाहिले. उजेड तिच्या डोळ्यांवर ठरेना, कपाळावर, गालावर फिरत राहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"चष्म्याने होणार नाही, मावशी. ऑपरेशन करावं लागेल. धुळ्याला एक चांगले डॉक्टर आहेत. मी घेऊन जातो. उद्याच नेतो."

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोरालाही तुम्हीच नेलं होतं ना."

ती उठली. मी तिला रिक्षात बसवून दिलं. परत आले तेव्हा भाऊ दुकानाचं शटर ओढत होते. ते पुन्हा उघडलं नाही. होळीच्या आधी बहीण-भाऊ दोघं गावाकडे गेले.

मी आणि सादिकभाई एकदा जाऊन आलो. सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत. भाऊ घराच्या ओसरीत बाजेवर बसलेले, दाढी वाढलेली. आम्हाला ओळखलं, चहा पाजायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, कुणाशी बोलत नाही, कुठे जात नाही. भाकरी कुस्करून हातात दिली तर खातो. निघताना सादिकभाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून म्हटलं, "भाऊ, एक रविवार मेरे साथ चलो. कहीं भी." भाऊंनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

गेल्या आठवड्यात हर्षलची आई लॅबमध्ये आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या करायच्या होत्या. मामा बाहेर बाकावर बसले होते. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधू लागले. तिने माझा आवाज ओळखला.

"तू त्या दिवशी दुकानात होतीस."

"हो, मावशी."

"ते दुकान बंद आहे म्हणे."

"गावाला गेले ते. सोनगीरकडे."

"बरे आहेत का?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पण जमलं नाही. "नाही," मी म्हणाले. "बरे नाहीत."

तिने चेहरा माझ्याकडे वळवला. तिला मी दिसत नव्हते. पांढुरकी बुबुळं माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी थांबली होती. मी सुई हातात धरून वाट बघत राहिले.

"जेवतो का पण?" तिने विचारलं.

"अक्का भरवतात."

"हं," ती म्हणाली, आणि तिने मूठ घट्ट आवळली.